नर्सिंगच्या शिक्षकांना खुली पाठ्यपुस्तकं वापरायला कसं राजी करायचं?

कामोठेकर
नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे, बीएस्सी आणि जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) दोन्हीकडे तास असतात आणि उरलेला वेळ मुलींबरोबर वॉर्डमध्ये. विषय असा की आमच्याकडे बऱ्याच मुली पालघर, मुरबाड, जव्हार, रायगडच्या आतल्या भागातून येतात, फी कशीबशी भरलेली असते, त्यात प्रत्येक विषयाला एक जाडजूड पुस्तक आणि वर एक गाईड. लायब्ररीत एका पुस्तकाच्या चार-पाच प्रती आणि वर्गात साठ जणी. मग काय होतं, एक तर टेलिग्रामवरची चोरीची पीडीएफ, नाहीतर सीनियरच्या नोट्सची झेरॉक्सची झेरॉक्स जिच्यात डोसचा पॉईंट कुठे आहे तेही दिसत नाही.

ओपनस्टॅक्स या खुली पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या अमेरिकन संस्थेची २०२४ ला आलेली नर्सिंगची पुस्तकं, आणि अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिनच्या चिप्पेवा व्हॅली टेक्निकल कॉलेजची ओपन आरएन ही पुस्तकमालिका, ही दोन्ही मी बघितली आहेत. फुकट, कायदेशीर, आणि बदल करून वापरायची परवानगी. फाउंडेशन, फार्माकॉलॉजी, स्किल्स, मानसिक आरोग्य सगळं आहे. मी स्टाफ मीटिंगमध्ये विषय काढला तर कोणी विरोध केला नाही पण कोणी हातही लावला नाही. "छान आहे, बघू." तर माझा प्रश्न, शिक्षकांना हे वापरायला तयार कसं करायचं? कोणाच्या कॉलेजात झालंय का? मेडिकल, फार्मसी, इंजिनीअरिंगवाल्यांचे अनुभव पण चालतील.

घणसोलीचा_भाऊ
"छान आहे, बघू" म्हणजे महाराष्ट्रात 'नाही'च असतं ताई :) आमच्या सोसायटीत सोलरबद्दल तीन मीटिंगा तेच चाललंय.

मोगरा_२
मी नर्सिंग फॅकल्टी आहे, बरीच वर्षं झाली, आणि त्या "बघू" म्हणणाऱ्यांच्या बाजूने बोलते. एक, पुस्तकं अमेरिकन. तिथलं नर्सिंग वेगळं, आपलं वेगळं. दोन, पेपर काढणारे आणि तपासणारे कुठलं पुस्तक धरतात ते आम्हाला माहीत असतं, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, पहिला प्रश्न विचारतो "ऑथर कोण?" मुलगी म्हणाली 'ओपन आरएन' तर तिच्याकडे बघत राहील तो. तीन, आमच्याकडे वेळ नाही. सकाळी क्लिनिकल, दुपारी थिअरी, संध्याकाळी जर्नल आणि केअर प्लॅन तपासा, मधे इन्स्पेक्शनच्या फायली. जे पुस्तक दहा वर्षं शिकवतोय त्याचे लेसन प्लॅन तयार आहेत. नवीन पुस्तक म्हणजे सगळे लेसन प्लॅन परत. हे आळस नाही, हे गणित आहे.

कामोठेकर
मोगराताई, तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि मीटिंगमध्ये कोणी इतकं स्पष्ट बोललंच नाही, बोलले असते तर पुढे काही सुचलं असतं. पहिल्या मुद्द्याबद्दल मला उलट वाटतं, अमेरिकन आहे म्हणूनच बदलायची परवानगी असलेलं पाहिजे. आपल्याकडे विकत घेतो त्यातली पण कितीतरी पुस्तकं परदेशी पुस्तकांवर बेतलेली असतात, फक्त त्यात आपण पेनने सुद्धा काही बदलून वाटू शकत नाही.

ग्रंथपाल_नौपाडा
लायब्ररीवाला बोलतोय, नर्सिंगचा नाही पण आरोग्य विज्ञानाच्या कॉलेजात काम केलंय. आधी एक गोंधळ दूर करू कारण शिक्षकांशी बोलताना तिथेच गाडी अडकते. "फुकट" आणि "खुलं" एकच नाही. यूट्यूबवरचा साधा व्हिडिओ फुकट आहे पण खुला नाही, तुम्ही तो कापून-जोडून परत वाटू शकत नाही. टेलिग्रामची पीडीएफ तर फुकटही नाही, चोरी आहे. खुलं म्हणजे लेखकानेच आधी लिहून ठेवलंय की घ्या, ठेवा, बदला, दुसऱ्यात मिसळा, वाटा. क्रिएटिव्ह कॉमन्सची लायसन असतात ती २००२ पासून आहेत, आणि 'ओईआर' (ओपन एज्युकेशनल रिसोर्सेस, खुलं शैक्षणिक साहित्य) हा शब्दही त्याच वर्षी युनेस्कोच्या बैठकीत आला. २०१९ ला युनेस्कोच्या सर्वसाधारण सभेने सगळ्या देशांसाठी शिफारस पण मंजूर केली.

लायसन वाचायची सवय लावा. सीसी बाय (सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स) असेल तर नाव द्या आणि हवं ते करा. एसए असेल तर तुमचं बदललेलंही त्याच लायसनने द्यायचं. एनसी असेल तर धंद्यासाठी नाही. एनडी दिसलं तर बदलायचं नाही, जसंच्या तसं वापरा. ओपन आरएनची पुस्तकं सीसी बाय आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचं हल्लीचं बरंचसं साहित्य बाय-एनसी-एसए असतं, म्हणजे वर्गात वापरायला आणि बदलायला हरकत नाही, विकायचं नाही.

चौथं_सेमिस्टर
मी स्टुडंट आहे बीएस्सीची (ठाणे). आमच्या मॅडमनी कोणी सांगितलं नाही पण मी स्वतः ओपनस्टॅक्सचं ॲनाटॉमी-फिजिओलॉजी पहिल्या सेमला वाचलं, आकृत्या खूप क्लिअर आहेत, फोनवर नीट दिसतं. पण मग इंटर्नलला मी तिथलं लिहिलं तर मार्क कापले कारण "पुस्तकात असं नाही". उत्तर बरोबर होतं. तेव्हापासून परीक्षेसाठी गाईड आणि समजायला ते, असं दोन दोन वाचते. शिक्षकांनी एकदा तरी उघडून बघावं एवढंच वाटतं.

मोगरा_२
हे मात्र चूक आहे हं. बरोबर उत्तराचे मार्क कापायला नकोत, पुस्तक कुठलंही असो.

रात्रपाळी
स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड. अमेरिकन पुस्तक जसंच्या तसं लावायच्या मी पूर्ण विरोधात आहे आणि कारण देते. इन्सुलिन. अमेरिकेतल्या पुस्तकात यू-१००, म्हणजे मिलीला १०० युनिट, धरूनच सगळं असतं. आपल्या वॉर्डात व्हायल ४० युनिट प्रति मिलीची, सिरिंज लाल टोपीची यू-४०. आणि बाजारात नारिंगी टोपीची यू-१०० सिरिंज पण मिळते. आता मुलीने पुस्तकात वाचलं "२० युनिटच्या खुणेपर्यंत भरा" आणि हातात ४० ची व्हायल आणि नारिंगी टोपीची सिरिंज आली तर काय होईल? २० च्या खुणेला ०.२ मिली, म्हणजे पेशंटला गेले ८ युनिट. उलटं झालं, १०० ची व्हायल आणि लाल टोपीची सिरिंज, तर २० च्या खुणेला ०.५ मिली म्हणजे ५० युनिट. ५० युनिट म्हणजे काय ते इथल्या नर्सेसना सांगायला नको.

हे ज्या पुस्तकात नाही ते पुस्तक माझ्या वॉर्डात येणाऱ्या मुलीला अर्धवट शिकवतं.

कामोठेकर
रात्रपाळी, मनापासून थँक्यू. अगदी हेच. आता बघा, विकत घेतलेल्या परदेशी पुस्तकात हे नसेल तर आपण फळ्यावर सांगतो, मुलगी लिहून घेते किंवा नाही घेत, गैरहजर असेल तर विषय संपला. सीसी बायच्या पुस्तकात मी तो पॅरा काढून तिथे आपला पॅरा, लाल टोपी नारिंगी टोपीचा फोटो आणि तुमचं वरचं गणित टाकू शकते आणि सगळ्यांना तेच पान मिळतं. पुढच्या वर्षी कोणी शिकवलं तरी ते पान तिथेच राहतं.

रात्रपाळी
मग ठीक. पण ते कोणीतरी बसून करायला पाहिजे ना. आणि इन्सुलिन एकच नाही. बायोमेडिकल वेस्ट घ्या. २०१६ च्या नियमांप्रमाणे आपल्याकडे पिवळी, लाल, पांढरी, निळी. लालमध्ये आयव्ही सेट, कॅथेटर, सुई काढलेली सिरिंज. सुया, ब्लेड पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात. काच निळ्यात. अमेरिकन पुस्तकात शार्प्सचा डबा लाल. मुलगी ते वाचून आली तर सुई कुठे टाकेल? सफाईवाल्या मावशींच्या हातात घुसते ती सुई.

औषधांची नावं पण आहेत, तिकडे ॲसिटामिनोफेन आपल्याकडे पॅरासिटामॉल, अल्ब्युटेरॉल म्हणजे साल्ब्युटामॉल, एपिनेफ्रिन म्हणजे ॲड्रेनॅलिन, मेपेरिडिन म्हणजे पेथिडिन. ड्युटीवर रात्री दोन वाजता ही डिक्शनरी कोण उघडणार.

उपवन
इमर्जन्सीला ९११ च्या जागी १०८ पण करा :)

माजी_मेट्रन
सगळ्यांचं वाचलं, बरं वाटलं. मी आधी वॉर्ड, मग शिकवणं, मग प्रशासन असं सगळं केलं, आता ठाण्यात निवृत्त आहे. रात्रपाळीने जे लिहिलं त्यातच कामोठेकरांच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं. तुम्ही मीटिंगमध्ये "पुस्तक वापरा" म्हणून गेलात. सीनियर शिक्षकाला "वापरा" म्हटलं की तिला वाटतं माझं इतक्या वर्षांचं बाजूला ठेवायला सांगतायत. त्याऐवजी तिच्यापुढे एक धडा ठेवा आणि विचारा, "मॅडम, यात आपल्या वॉर्डाच्या हिशोबाने काय चुकतंय ते लाल पेनने खुणा करून द्याल का?" मी सांगते, ती नाही म्हणणार नाही. चुका काढायला आम्हाला कोणालाच कंटाळा येत नाही, आयुष्यभर जर्नलं तपासली आहेत. आणि ज्या धड्यावर तिने लाल पेन चालवलं तो धडा तिचा झाला, तो ती वर्गात नेणारच.

दुसरं, सगळं पुस्तक मागू नका. एक युनिट. औषध देणे हे युनिट घ्या, ते फाउंडेशनला पण लागतं, फार्माकॉलॉजीला पण लागतं आणि प्रॅक्टिकलला हमखास येतं.

ग्रंथपाल_नौपाडा
मेट्रनबाईंना अनुमोदन. यात मी एकच जोडतो, जुळणीचा तक्ता आधी तुम्ही करून न्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा २०२१ चा सुधारित अभ्यासक्रम आहे ना सेमिस्टरवाला, त्यात युनिट, तास आणि शिकण्याची उद्दिष्टं दिलेली आहेत. डाव्या बाजूला आपलं युनिट, उजवीकडे खुल्या पुस्तकाचा कुठला धडा कुठलं उपशीर्षक, आणि तिसऱ्या रकान्यात "इथे नाही, आपलं लिहावं लागेल". तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरा, शिक्षकांचा विश्वास तिथेच बसतो. हा तक्ता असला की मोगराताईंचा लेसन प्लॅनचा त्रास बराच कमी होतो, कारण प्लॅन युनिटप्रमाणे असतो, पुस्तकाप्रमाणे नाही.

मोगरा_२
हे पटलं. पण ग्रंथपाल साहेब, इन्स्पेक्शनचं काय? ते ॲक्सेशन रजिस्टर (लायब्ररीतल्या पुस्तकांची नोंदवही) बघतात, कपाटातली पुस्तकं मोजतात. पीडीएफ कशी मोजणार.

ग्रंथपाल_नौपाडा
सीसी बाय आहे ना, मग प्रिंट काढा, बाइंडिंग करा, नंबर टाका, कपाटात ठेवा. कोणाची परवानगी लागत नाही. वाचनालयाला पण पुस्तक आणि मुलीच्या फोनमध्ये पण तेच पुस्तक. लायब्ररीला कोहा हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे ई-प्रतीची लिंक त्याच नोंदीत टाकता येते.

सीवूड्सचा_बाबा
पालक आहे, मुलगी जीएनएमला. एक भीती बोलून दाखवतो. हे खुलं पुस्तक वगैरे आलं की मॅनेजमेंट म्हणेल आता लायब्ररीला पैसे कशाला. फी तर कमी होणार नाही. मग मुलींच्या वाट्याला काय आलं?

ग्रंथपाल_नौपाडा
भीती रास्त आहे. म्हणून हा विषय कधीही "खर्च वाचतो" म्हणून मॅनेजमेंटपुढे मांडू नका, मी स्वतः तसं मांडत नाही. जे पैसे फाउंडेशनच्या चाळीस प्रतींना जाणार होते ते जर्नल्स, मॅनिकिन, सिम्युलेशन, प्रिंटिंग आणि कम्युनिटी हेल्थची इथली पुस्तकं यांना जावेत असं लेखी मागा. कम्युनिटी हेल्थला अमेरिकन पुस्तक उपयोगाचंच नाही. आशा, एएनएम, उपकेंद्र, लसीकरणाचं राष्ट्रीय वेळापत्रक, टीबीचा कार्यक्रम, हे कुठून आणणार? बीसीजी आपल्याकडे जन्मतः, तिकडे ती सरसकट देतच नाहीत. तो विषय विकत घेऊनच शिकवायला लागेल किंवा आपणच लिहायला लागेल.

घणसोलीचा_भाऊ
अवांतर: फोनवर पुस्तक ठीक पण ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोली-ठाणे पट्ट्यात नेट जातं ते जातंच. माझी बायको लॅब टेक्निशियन, रोज वाचत जाते, रात्रीच डाउनलोड करून ठेवते. हॉस्टेलला वायफाय नसेल तर मुलींना पेन ड्राइव्हवर द्या.

चौथं_सेमिस्टर
अवांतर नाही काका, हाच मेन प्रॉब्लेम आहे. हॉस्टेलमध्ये एका मुलीने डाउनलोड केलं की बाकीच्या शेअर करून घेतात. आणि लायसनमुळे ते शेअर करणं चोरी पण नाही हे मला इथेच कळलं.

कायद्याचा_विद्यार्थी
थोडं कायद्याचं. वर चोरी-चोरी म्हटलंय म्हणून सांगतो, शिकवण्यासाठीची प्रत्येक झेरॉक्स चोरी नसते. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध मोठे परदेशी प्रकाशक कोर्टात गेले होते, सप्टेंबर २०१६ ला दिल्ली हायकोर्टाने प्रकाशकांचा दावा फेटाळला, डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही मुद्दे परत सुनावणीला पाठवले, आणि नंतर प्रकाशकांनी दावा मागे घेतला. आधार होता १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(आय), शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत. म्हणजे अभ्यासक्रमाला लागणारे भाग काढून संच करून देणं याला बरीच मोकळीक आहे. पण त्यात बदल करून नवीन पुस्तक म्हणून इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकणं ही वेगळी गोष्ट, त्याला हे कलम पुरणार नाही. तिथे खुलं लायसनच लागतं.

मोगरा_२
छान माहिती. आता मूळ प्रश्नाकडे येते आणि जरा कडवट बोलते. ट्यूटर, क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, यातल्या कित्येक जणी कंत्राटावर आहेत. धडा बदला, फोटो काढा, तपासा, तक्ता करा, हे सगळं काम कोणाच्या वेळात? सगळे म्हणतात शिक्षकांना प्रोत्साहन द्या. प्रोत्साहन म्हणजे टाळ्या आणि सर्टिफिकेट असेल तर नको. आठवड्यातले दोन तास या कामाचे म्हणून टाइमटेबलमध्ये धरले तर बोला. माझ्या मते शिक्षक का वापरत नाहीत याचं निम्मं उत्तर हेच आहे आणि ते कोणाला ऐकायचं नसतं.

माजी_मेट्रन
बरोबर बोललात. प्राचार्य असताना मी हेच करायचा प्रयत्न केला, मास्टर रोटेशन प्लॅनमध्येच (वर्षभराच्या तास-ड्युटीच्या आराखड्यात) ते तास घातले की मग कोणी काढून घेऊ शकत नाही. मीटिंगच्या मिनिट्समध्ये गेलं नाही तर ते तास गायब होतात.

अँटॉप_हिल_ते_ऐरोली
फार्मसीवाला. श्रेयाचं बघा. बदललेल्या धड्यावर मूळ लेखकांचं नाव द्यायचंच आहे, पण "भारतीय संदर्भासाठी बदल आणि भर" म्हणून तुमच्या शिक्षकांची नावंही येतात. पाच-सहा धडे झाले की छोटं पुस्तक होतं, त्याला आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) घ्या, भारतात राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून फुकट मिळतो. कॉलेजचं नॅक मूल्यांकन होणार असेल तर शिक्षकांनी तयार केलेला ई-कंटेंट दाखवता येतो. आमच्याकडे एका मॅडमना बाकी काही पटलं नव्हतं पण मुखपृष्ठावर नाव म्हटल्यावर तीन धडे दिले त्यांनी, आणि धडे खरोखर चांगले होते.

मोगरा_२
नाव येणार असेल तर जबाबदारी पण येते हे लक्षात ठेवा. डोसची एक चूक माझ्या नावावर नको. प्रत्येक धडा दोन जणींनी तपासायचा, एक शिकवणारी आणि एक वॉर्डातली. वॉर्डातली हवीच. आम्ही वर्गात राहून काही गोष्टी विसरतो.

रात्रपाळी
मी तयार आहे. ड्युटी संपल्यावर नाही, सुट्टीच्या दिवशी.

सानपाडा_सर
मी नर्सिंगमधला नाही, सायन्स शिकवतो. एक शंका. हे सगळं करून निकाल घसरला तर? पहिल्या बॅचचा निकाल खाली आला की दुसऱ्या दिवशी प्रयोग बंद.

ग्रंथपाल_नौपाडा
२०१८ ला अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, २१,८२२ विद्यार्थी होते त्यात. तेच विषय, आधी विकतची पुस्तकं, मग ओपनस्टॅक्सची. ग्रेड सुधारले, नापास किंवा कोर्स सोडणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं, आणि ज्यांना सरकारी आर्थिक मदत मिळते त्या आणि अर्धवेळ शिकणाऱ्या मुलांमध्ये फरक जास्त. नर्सिंगचा अभ्यास नव्हता तो, त्यामुळे आपल्याकडे तसंच होईल असं मी म्हणणार नाही. पण कारण समजण्यासारखं आहे, पहिल्या दिवसापासून प्रत्येकाच्या हातात पुस्तक आहे. आपल्याकडे सेमिस्टर अर्धं संपेपर्यंत मुली पुस्तक शोधत असतात.

सीवूड्सचा_बाबा
हे अगदी खरं. माझ्या मुलीला मानसिक आरोग्याचं पुस्तक परीक्षेच्या तोंडावर मिळालं, तेही दादरला सेकंडहँड.

उपवन
मराठीत करा की कोणीतरी! माझी मावसबहीण एएनएम करते, शाळा पूर्ण मराठीत, आता सगळं इंग्रजी, रडकुंडीला येते. लायसन परवानगी देतं ना भाषांतराला?

ग्रंथपाल_नौपाडा
देतं. बाय, बाय-एसए, अगदी बाय-एनसीला सुद्धा भाषांतर चालतं, फक्त एनडीला नाही.

माजी_मेट्रन
मराठीचं काम व्हायलाच हवं पण कसं ते बघा. औषधांची नावं, उपकरणांची नावं इंग्रजीच ठेवा देवनागरीत, कारण ड्रग चार्ट इंग्रजीत असतो आणि डॉक्टर इंग्रजीतच ऑर्डर देतात. समजावणारं वाक्य मराठीत. पेशंटशी काय बोलायचं ते तर पूर्ण मराठीत, आणि तेही पुस्तकी नको. "आपणास वेदना होत आहेत का" असं वॉर्डात कोणी विचारत नाही. "दुखतंय का, कुठे दुखतंय, रात्री झोप लागली का?" हे लिहा. अमेरिकन पुस्तकात संवादकौशल्याचे नमुने खूप चांगले आहेत पण ते त्यांच्या पेशंटचे आहेत. आपल्याकडे पेशंटच्या आधी नातेवाईक बोलतात, आणि सासूसमोर सून काही सांगत नाही. हे इथल्या शिक्षिकेनेच लिहायचं.

मोगरा_२
मेट्रनबाई, हे तर मीच लिहीन. मानसिक आरोग्य माझाच विषय.

घणसोलीचा_भाऊ
मोगराताई विरोधी पक्षातून सत्तेत! :)

मोगरा_२
विरोध आयतं पुस्तक लादण्याला होता, अजून आहे. व्हायवाचा मुद्दा तर तसाच पडलाय, त्यावर कोणी बोललं नाही.

अँटॉप_हिल_ते_ऐरोली
व्हायवाला एक्स्टर्नल पण आपल्यातलेच असतात ना, शेजारच्या कॉलेजातले. ठाणे, बेलापूर, खारघर, पनवेल एवढ्याच पट्ट्यात किती नर्सिंग कॉलेजं आहेत. दोन-तीन कॉलेजांनी मिळून एकच युनिट केलं तर पुढच्या व्हायवाला समोर बसलेल्या मॅडमनीच तो धडा तपासलेला असेल.

मोगरा_२
हे सुचलं नव्हतं. चालेल.

चौथं_सेमिस्टर
अजून एक, दुसऱ्या सेमला आम्हाला हेल्थ नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स अँड टेक्नॉलॉजी असा विषय आहे. तिथे आम्हाला पॉवरपॉईंट नि वर्ड शिकवतात, ते येतंच. त्याऐवजी हे काम दिलं तर? म्हणजे लायसन ओळखा, एक पान घ्या, त्यात अमेरिकन काय आहे ते शोधा. ९११ शोधा :) आम्ही चुका शोधू, मॅडम तपासतील.

माजी_मेट्रन
शाब्बास. पण फक्त शोधायचं काम मुलींचं, दुरुस्ती शिक्षकांनीच करायची आणि तपासणी वॉर्डाची. औषधांच्या बाबतीत ही पायरी कधी चुकवू नका.

कामोठेकर
काही दिवस मध्ये गेले, कळवायचं राहिलं. मेट्रनबाईंचं ऐकून मी पुस्तक नेलंच नाही. औषध देण्याच्या युनिटमधली इन्सुलिनची पानं प्रिंट काढून आमच्या सगळ्यात सीनियर मॅडमपुढे ठेवली आणि लाल पेन दिलं. म्हटलं, आपल्या वॉर्डाच्या हिशोबाने बघाल का. दुसऱ्या दिवशी पानं परत आली तर लाल लाल. यू-४० चं तर आहेच, पण त्यांनी अजून लिहिलं की व्हायलचं लेबल आणि सिरिंजची टोपी दोन्ही मोठ्याने वाचून दुसऱ्या नर्सला दाखवायचं, आपल्याकडे बारकोड स्कॅनर नाही म्हणून तो पॅरा काढा आणि ड्रग चार्टवर दोन सह्या हे टाका. शिवाय घरी जाताना पेशंटच्या नातेवाइकांना काय सांगायचं, मेडिकलवाल्याने दुसऱ्या रंगाच्या टोपीची सिरिंज दिली तर परत करा, घेऊ नका. हे मला कुठल्याच पुस्तकात दिसलं नव्हतं. त्यांनी स्वतःच विचारलं बाकीचा धडा कुठाय.

तासांबद्दल प्राचार्यांना लेखी दिलंय, आठवड्याला दोन मागितलेत, सध्या एक मान्य झालाय आणि तो मिनिट्समध्ये आलाय. शेजारच्या एका कॉलेजातल्या मैत्रिणीशी बोलले, ती वेस्ट मॅनेजमेंटची पानं घेतेय.

मोगरा_२
एका तासावर थांबू नका, पुढच्या मीटिंगला परत मागा. आणि तुमच्या मॅडमना सांगा घरी सांगायचा तो पॅरा मराठीतच राहू दे, इंग्रजीत नेऊ नका.

रात्रपाळी
लाल टोपी-नारिंगी टोपीचा फोटो मी देते. फक्त एक सांगा, वॉर्डात काढला तर चालेल का?

ग्रंथपाल_नौपाडा
चालेल पण ट्रेमध्ये फक्त सिरिंज आणि व्हायल ठेवा, मागे पेशंट नको, केस पेपर नको, बेड नंबर नको, हॉस्पिटलचा शिक्का नको, आणि इन्चार्ज सिस्टरना विचारून काढा. फोटो तुमचा, म्हणजे लायसन तुम्ही द्यायचं. धडा सीसी बाय आहे तर फोटोही सीसी बाय लिहून द्या म्हणजे पुढच्यांना अडचण नाही. उजेडात काढा, सिरिंजवरचे आकडे वाचता आले पाहिजेत.

रात्रपाळी
ओके. रविवारी सुट्टी आहे पण इन्चार्ज सिस्टर सोमवारी सकाळी असतात, त्यांना विचारून सोमवारी काढते. दोन्ही सिरिंज एकमेकींशेजारी, दोन्हीत ०.५ मिली भरून, म्हणजे लालवर २० आणि नारिंगीवर ५० एकाच फोटोत दिसेल.